दूरध्वनीवरची सोबत
(वार्षिक सभेत व्यसनमुक्ती विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही आपल्यापुढे एक मागणे घेऊन उभे आहोत. ते खाटांसाठी वा यंत्रसामग्रीसाठी नाही. रुग्ण घरी गेल्यावर त्याला नेमाने दूरध्वनी करील अशा एका समुपदेशकाच्या वेतनासाठी ते आहे. अशा कार्याची कोनशिला बसवता येत नाही, हे आम्ही जाणतो.

दारूचा अंमल उतरणे, हातांचा कंप थांबणे, झोप लागणे हा उपचारांचा पहिला भाग रुग्णालयात होतो आणि त्या मानाने लवकर आटोपतो. उरलेला भाग घरी आणि कामाच्या ठिकाणी पार पाडावयाचा असतो. पुन्हा पिण्याचा धोका पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक, आणि नेमका तेव्हाच रुग्ण आमच्या नजरेआड असतो. पगाराचा दिवस, हळदीचा कार्यक्रम, विसर्जनाची मिरवणूक, गटारी अमावास्या. अशा तारखा आपल्याकडे थोड्या नाहीत. घरातली सायंकाळ त्याहून अवघड. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लॅट यांनी पुन्हा पिण्याच्या प्रसंगांचा अभ्यास केला, तेव्हा मनाची खिन्नता, जवळच्यांशी झालेला वाद आणि मित्रांचा आग्रह ही कारणे ठळकपणे पुढे आली. एखादा पेला घेतल्यावर ‘आता सारेच संपले’ ही भावनाच माणसाला पुढच्या पेल्याकडे ढकलते, हेही त्यांनी दाखवून दिले. त्या पहिल्या आणि पुढच्या पेल्यामध्ये कोणाचा तरी आवाज पोहोचावा, एवढीच आमची धडपड आहे.

ही कल्पना नवी नाही. मे १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी, दारू सोडून काही महिनेच झालेले बिल विल्सन हॉटेलात एकटे होते आणि मद्यालय हाकेच्या अंतरावर होते. त्यांनी दूरध्वनी फिरवण्यास आरंभ केला. त्यातून त्यांची डॉ. रॉबर्ट स्मिथ यांच्याशी भेट झाली आणि ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’चा पाया घातला गेला.

पुढे फिलाडेल्फियातील जेम्स मॅके व त्यांच्या सहकाऱ्यांनी या मार्गाची रीतसर पारख केली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दारू वा कोकेनच्या व्यसनावर उपचार घेतलेले ३५९ रुग्ण होते. त्यांच्यापैकी एका गटाला बारा आठवडे, आठवड्यातून एकदा थोडा वेळ दूरध्वनीवरून समुपदेशन मिळाले. दोन वर्षे मागोवा घेतल्यावर बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत हा मार्ग समोरासमोरच्या गटांपेक्षा उणा ठरला नाही. मात्र ज्यांची प्रारंभीची प्रगती फारच कमी होती, त्यांना प्रत्यक्ष गटाचाच अधिक लाभ झाला. तेव्हा दूरध्वनी सर्वांना पुरेल, असे आम्ही म्हणत नाही.

संभाषणाची रीत साधी आहे. मागील वेळेपासून दारू घेतली का, हे आरंभीच सरळ विचारावे. उत्तर ‘हो’ आले तरी आवाज चढवू नये. मग झोप, औषधे, घरचे वातावरण. त्यानंतर येत्या आठवड्यातील अवघड प्रसंग. मावसभावाचे लग्न आहे ना? मग सोबत कोण असेल, निघायचे केव्हा, आग्रह झाला तर काय म्हणायचे, हे तेथल्या तेथे ठरवावे. तलफ लाटेसारखी येते आणि ओसरते. तेवढा वेळ काढण्याची युक्ती प्रत्येकाची निराळी. शासनाच्या १४४४६ या विनामूल्य क्रमांकावर कोणालाही साहाय्य मागता येते व ते अवश्य मागावे. पण घसरलेल्या माणसाची लाज त्याला क्रमांक फिरवू देत नाही. म्हणून दूरध्वनी रुग्णालयाकडूनच जावयास हवा.

कुटुंबीयांना दोन शब्द. दूरध्वनी दुसऱ्या कोणी उचलला तर विभागाचे नाव सांगितले जाणार नाही. रुग्णाची संमती घरी जाण्यापूर्वीच घेतली जाईल. पत्नीने पहारेकरी व्हावे, अशी आमची अपेक्षा नाही. मात्र रुग्ण पुन्हा रोज पिऊ लागला असेल तर घरच्या घरी दारू एकाएकी बंद करू नये. फिट येणे, भास होणे असे जिवावरचे प्रसंग ओढवू शकतात. डायसल्फिरॅमची गोळी चालू असताना दारू घेतली गेली तर संभाषणाची वाट न पाहता थेट रुग्णालयात आणावे.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणतेही उपचार मिळतात. तो एक आपल्या दारी आलेला असतो. त्याच्यासाठी दोन वर्षांच्या एका वेतनाची तरतूद विश्वस्त मंडळाने करावी, ही आमची विनंती आहे. ज्या देणगीदारांना यात वाटा उचलावयाचा असेल, त्यांनी सभेनंतर आमच्याशी बोलावे.