त्वचेची ओल



भिवंडीच्या श्रोत्यांपुढे त्वचेचा विषय मांडताना दाखल्यासाठी दूर जावे लागत नाही. हवा फार कोरडी झाली की मागावर ताण्याचे सूत वारंवार तुटते, हे येथे कोणीही सांगेल. सुताला ओल लागते, तशीच ती कातडीलाही लागते.

आपल्या त्वचेचा अगदी वरचा थर मृत पेशींचा असतो. पेशी या विटा मानल्या, तर त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्य हा चुना. या भिंतीतून शरीरातील पाणी सतत थोडेथोडे उडत असते. साबण फार वापरला, ग्रीस काढण्यासाठी हात रॉकेलने धुतले, की हा चुना झडतो. मग पाणी भराभर उडते आणि भेगा पडतात.

यावर आपला घरगुती उपाय तेलाचा. पण तेल नेमके करते काय? १९५२ साली आयर्विन ब्लँक या अमेरिकन संशोधकाने घट्ट्यांचे वाळलेले तुकडे तेलकट द्रव्यांत ठेवून पाहिले. ते कडकच राहिले. पाण्याने मात्र ते मऊ पडले. म्हणजे मऊपणा पाण्याचा. तेल त्या पाण्याचे राखणदार!

बाजारातील मलमांत हीच विभागणी असते. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते, तेले पेशींमधील फटी बुजवतात आणि व्हॅसलीनसारखे द्रव्य वर झाकण घालते. व्हॅसलीनचे पेटंट १८७२ सालचे. पण झाकण म्हणून त्याची बरोबरी करणारे पदार्थ आजही थोडेच. तेव्हा महाग डबी म्हणजे गुणकारी डबी, असे मुळीच नाही. उलट तिच्यातील सुवास भेगाळलेल्या कातडीला झोंबण्याचा संभव अधिक.

आपण अभ्यंग करतो तो स्नानापूर्वी, आणि मग उटण्याने वा साबणाने बरेचसे तेल धुऊन टाकतो. अभ्यंग जरूर करावा. पण स्नानानंतर अंग टिपून, ते ओलसर असतानाच, पुन्हा थोडे खोबरेल किंवा मलम लावावे. ओल आत कोंडण्याची हीच वेळ.

हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नव्हे. भेगेतून जंतू शिरतात. मधुमेह्याच्या टाचेची दुर्लक्षित भेग प्रसंगी पाय गमावण्यापर्यंत नेते. कातडी लाल होऊन चिघळली, तर दुकानातून परस्पर मलम आणू नये, डॉक्टरांना दाखवावे.

कारखानदार बंधूंना एवढीच विनंती, की मोरीवर साबणाशेजारी व्हॅसलीनचा एक डबा ठेवावा. मागाला आपण नेमाने तेल देतो. तो चालवणाऱ्या हातालाही ते मिळावे.