तुटलेली तार आणि झिजलेली घोडी



मैफलीत तंबोऱ्याची तार तुटली की सर्वांचे लक्ष तिकडे जाते. घोडी झिजत असते तेव्हा मात्र ते कोणाच्या ध्यानीही येत नाही. तंबोरा जपावयाचा असेल, तर या दोन बिघाडांतील भेद प्रथम जाणला पाहिजे.

तार बहुधा गंजाने किंवा एखाद्या तीक्ष्ण कडेवर घासून तुटते. ती कोठे तुटली हे पाहिल्यावाचून नवी चढवू नये. दर वेळी एकाच जागी तुटत असेल, तर दोष तारेचा नसून त्या जागेचा असतो. नवी तार जुनीच्याच धातूची व जाडीची घ्यावी. तळाच्या लंगोटाला अडकवून, मणी ओवून, घोडीवरून न्यावी आणि खुंटीला गुंडाळून हळूहळू चढवावी. आरंभी एक-दोन दिवस ती पुनःपुन्हा उतरते; तो दोष नव्हे. खुंटी घसरत असल्यास थोडा खडू लावावा. वादनानंतर तारा कोरड्या फडक्याने पुसल्या, तर गंज लांबतो. एवढे काम शाळकरी विद्यार्थ्यालाही शिकता येते.

घोडीचे तसे नाही. सपाट भासणारी तिची पाठ वस्तुतः किंचित उतरती असते. कंप पावणारी तार त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते आणि त्यातून उपस्वर फुलतात. तारेखाली सरकवलेला सुताचा बारीक धागा ही टेक नेमक्या जागी आणतो. हीच जवारी. ती उत्तम जुळली, की खर्जाच्या तारेतून गंधार आपसूक ऐकू येतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 मध्ये तंबोरा व वीणा यांच्या घोडीचे हे वैशिष्ट्य शास्त्रीय लेखातून मांडले. तार ज्या जागी छेडली असता काही उपस्वर नियमानुसार उमटू नयेत, तेथेही ते या घोडीमुळे उमटतात, असे त्यांनी दाखविले.

वर्षानुवर्षांच्या घर्षणाने घोडीवर चरे पडतात. नाद प्रथम बोथट होतो, मग खरखरतो. अशा वेळी आधी धागा मागे-पुढे सरकवून पाहावा. तरीही नाद खुलला नाही, तर मात्र कानस स्वतः हाती घेऊ नये. तुटलेल्या तारेच्या जागी दुसरी येते; घोडीवरून अधिक घासला गेलेला कण परत बसवता येत नाही. जवारी काढणारा कारागीर थोडे घासतो, तार छेडून ऐकतो आणि पुन्हा घासतो. त्याचे खरे हत्यार कानस नव्हे, कान होय.

मिरजेतील सतारमेकर घराण्यांनी हा कान पिढ्यान्‌पिढ्या जपला. तेथील सतार व तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. मानांकनाने नावाचे रक्षण होते. विद्या मात्र शिकणारा पुढे आला तरच टिकते. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याला तार नाही आणि घोडीही नाही. त्यामुळे सोय झाली, पण जवारी ऐकून पारखण्याची सवय मागे पडू लागली.

मिरजेपासून दूर असलेल्या शाळेला यात काय करता येईल? संगीतकक्षात सुट्या तारांचा एक संच असावा, दर आठवड्याला तंबोरा जुळवला जावा आणि कारागीर येईल त्या दिवशी दोन विद्यार्थ्यांनी त्याच्या शेजारी बसून ऐकावे. कोपऱ्यात खोळ घालून ठेवलेल्या तंबोऱ्याची तार कदाचित तुटणार नाही. परंतु त्याची जवारी ओळखणारा कानही तेथे घडणार नाही.