सात दिवस, सात रात्री



माझं पाठांतर चांगलं होतं, हे बाईंना आठवत असेल. कवितांसारखीच बायबलची वचनंही मी घडाघडा म्हणायचो. बक्षीस मिळायचं, अर्थ मात्र कळायचा नाही.

चाळिशीत पत्नी गेली. प्रार्थनेला शब्द सुचेनात. तेव्हा ईयोबाचं पुस्तक, सगळे ४२ अध्याय, पहिल्यांदा सावकाश वाचलं. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाजवळ त्याचे तीन मित्र सात दिवस, सात रात्री जमिनीवर बसून राहतात. कुणी चकार शब्द काढत नाही. पुढे बोलू लागतात, ते त्याच्याच पापांचा हिशेब मांडायला. ईयोब थेट देवालाच जाब विचारतो. देव त्यालाही खडसावतो. पण शेवटी कोपतो तो या मित्रांवर. मला धीर आला. देवाला प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे.

त्या दिवसांत आपल्याच वर्गातला एकजण रोज संध्याकाळी घरी यायचा. तो ख्रिस्ती नाही. चहा घ्यायचा, तासभर गप्प बसायचा आणि जायचा. ईयोबाच्या मित्रांचे ते सात दिवस मला त्याच्यामुळे समजले.

तो आज इथेच बसला आहे. नाव घेतलेलं त्याला आवडणार नाही.