झोपेच्या मागे न लागता

(कोजागरी पौर्णिमेच्या कार्यक्रमात सोसायटीच्या गच्चीवर केलेले भाषण)



‘को जागर्ति’, म्हणजे कोण जागं आहे, असं विचारत आज लक्ष्मी फिरते, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. वर्षातली ही एक रात्र आपण हौसेने जागतो. मी बोलणार आहे ते मात्र इच्छा नसताना रात्रीमागून रात्र जागणाऱ्या बायकांविषयी. ब्रेस्ट कॅन्सरचे उपचार चालू असलेल्या, किंवा उपचार संपूनही झोप परत न आलेल्या बायकांविषयी. ऑक्टोबर महिना या आजाराच्या जागृतीसाठी पाळतात, म्हणून महिला मंडळाने विषय सुचवला. भारतात बायकांना होणाऱ्या कर्करोगांत हा सर्वांत जास्त आढळतो. तेव्हा हा विषय दूरचा कुणाचा नाही.

मी डॉक्टर नाही. नोकरी बँकेत गेली. पण आमच्या घरात हा आजार येऊन गेला आणि त्या निमित्ताने मी वाचत गेलो, डॉक्टरांना विचारत गेलो. आज बोलतोय ते सौ.च्या परवानगीने. तिची अट एकच होती, “माझं रडगाणं लावू नका, उपयोगाचं असेल ते सांगा.” त्या अटीतच राहतो.

ऑपरेशन कसं झालं, केमोच्या सायकल किती राहिल्या, केस गेले का, हे सगळे विचारतात. झोपेचं फारसं कुणी विचारत नाही. विचारलंच तर “काळजीने लागत नसेल” म्हणून विषय संपतो. काळजी असतेच, पण शरीराचीही कारणं असतात. केमोच्या वेळी उलटी आणि अॅलर्जी होऊ नये म्हणून स्टेरॉइड देतात, त्याने माणूस रात्रभर टक्क जागा राहू शकतो. केमोमुळे तरुण बाईचीही पाळी बंद होते आणि अंगातून वाफा निघू लागतात. पुढे टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारख्या गोळ्या पाच वर्षं, काहींना त्याहून जास्त काळ घ्याव्या लागतात. त्यांनीही रात्री घामाने अंग भिजतं, सांधे धरतात. ज्या बाजूचं ऑपरेशन, त्या कुशीवर वळता येत नाही. दिवसा थकव्याने डोळा लागतो आणि रात्रीची झोप तेवढी कमी होते.

इथवरचं डॉक्टरांच्या हातातलं. यानंतर एक गोष्ट सुरू होते ती मनातली. रात्री दीडला जाग आली की बाई घड्याळ बघते. “आत्ता झोपले तर साडेचार तास मिळतील.” मग अडीचला, “आता साडेतीनच.” आम्ही बँकेत दिवसअखेर टॅली लागेपर्यंत उठायचो नाही, तसं मन रात्री वही उघडून बसतं. झोप नाही लागली तर प्रतिकारशक्ती कमी होईल, मग आजार उलटेल, मग मुलांचं काय? झोपेसाठी जितकी धडपड करावी, तितकी ती लांब जाते. पुढे पुढे तर पलंग दिसला तरी छातीत धडधड होते. मूळ कारण सरलं तरी ही सवय उरते. निद्रानाश वर्षानुवर्षं टिकतो तो बऱ्याचदा असा.

माइंडफुलनेस, म्हणजे आपल्या भाषेत सजगता, हात घालते ती या धडपडीला. शब्द परदेशी वाटला तरी मूळ इथलं आहे. पालीतला ‘सति’, संस्कृतातला ‘स्मृति’. इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यना शिकवतात, तीही याच परंपरेतली. १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी या ध्यानाला हलक्या योगासनांची जोड देऊन रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम तयार केला. त्यात देवधर्माचा भाग ठेवला नाही. आठवड्यातून एकदा दोन-अडीच तासांचा वर्ग, आणि घरी रोजचा सराव. पुढे कॅनडात कॅलगरीच्या कर्करोग केंद्रात लिंडा कार्लसन आणि सहकाऱ्यांनी तो कर्करोगाच्या रुग्णांसाठी जुळवून घेतला.

आता उपयोग किती होतो? जमा आणि खर्च दोन्ही बाजू सांगतो. डेन्मार्कमध्ये ऑपरेशन झालेल्या ३३६ बायकांवर झालेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. कोर्स संपला तेव्हा त्या गटाची झोप दुसऱ्या गटापेक्षा सुधारलेली होती. वर्षभराने मात्र फरक उरला नव्हता. २०१४ चा कॅलगरीचा अभ्यास वेगवेगळ्या कर्करोगांच्या १११ रुग्णांचा. त्यात या पद्धतीची तुलना सीबीटी-आय या निद्रानाशाच्या उपचाराशी केली होती. कोर्स संपताना सीबीटी-आय पुढे होती, काही महिन्यांनी सजगतेने तिला जवळपास गाठलं. ब्रेस्ट कॅन्सरच्या बायकांवरच्या २००३ च्या एका लहान अभ्यासात दिसलं की ज्यांनी घरी जास्त सराव केला, त्यांना झोपेतून उठल्यावर विश्रांती मिळाल्यासारखं जास्त वाटलं. यावरून मला उमगलं ते इतकंच, की ही एकदा पैसे टाकून विसरायची एफडी नाही, रिकरिंग आहे. हप्ते थांबले की व्याजही थांबतं.

करायचं काय ते सांगतो. मुख्य सराव म्हणजे बॉडी स्कॅन. पाठीवर पडायचं, हाताखाली उशी घेतली तरी चालेल. डाव्या पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात करून लक्ष हळूहळू वर न्यायचं. पाऊल, घोटा, पोटरी, गुडघा. तिथे गार वाटतंय, मुंग्या येताहेत, की काहीच जाणवत नाही, तेवढं बघायचं. बदलायचं काही नाही. मध्येच मन उद्याच्या रिपोर्टकडे पळालं, तर पळालं हे ओळखायचं आणि न रागावता परत गुडघ्यावर यायचं. शंभर वेळा पळालं तर शंभर वेळा परत आणायचं. तोच व्यायाम. मूळ कोर्समध्ये हे पाऊण तास चालतं, सुरुवात दहा मिनिटांनी केली तरी पुरे. छातीपाशी, व्रणापाशी आल्यावर कुणाला रडू येतं, कुणाला तिथे लक्ष नेणं नको होतं. मग तो भाग सोडून पुढे जावं, किंवा तळपायांवर परत यावं. सक्ती नाही.

यात एक मेख आहे. हा सराव झोप यावी म्हणून करायचा नाही, आणि शिकायचाही दिवसा. झोप आणायला केला की तीही धडपडच झाली. रात्री जाग आली की “मी जागी आहे, अंग पलंगावर टेकलंय, श्वास चालू आहे” एवढंच बघत राहायचं. आमच्या सौ.च्या शब्दांत, “झोपायचं नाहीये, नुसतं पडायचंय.” काही रात्री डोळा लागतो, काही रात्री नाही लागत. पण न लागलेली रात्र पूर्वीइतकी लांब वाटत नाही, असं ती सांगते.

सीबीटी-आयमधल्या दोन गोष्टीही घराघरात करण्याजोग्या आहेत. रात्र कशीही जावो, सकाळी उठायची वेळ एकच ठेवायची. आणि बराच वेळ तगमग झाली तर पलंग सोडायचा. वन बीएचकेत हॉलमध्ये मुलगा झोपलेला असतो, मग उठून जायचं कुठे? स्वयंपाकघरात एक खुर्ची आणि मंद दिवा एवढं पुरतं. घड्याळ मात्र भिंतीकडे तोंड करून ठेवावं.

काही सावधगिरीच्या गोष्टी. सजगतेने कॅन्सर बरा होत नाही, तिच्या भरवशावर कुठलाही उपचार सोडायचा नाही. घाम फुटतो म्हणून टॅमॉक्सिफेन परस्पर बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचं. शेजारणीला लागू पडली म्हणून तिची गोळी आणायची नाही. मनाच्या आजारावरची पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन यांसारखी औषधं टॅमॉक्सिफेनच्या कामात अडथळा आणतात. दुखणं, मोठं घोरणं, सतत उदास वाटणं, जगणं नकोसं होणं यांची दाद डॉक्टरांकडेच मागायची. केमो चालू असताना दहा दिवसांच्या मौन शिबिराला जायचं असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारायचं. आणि ध्यानात घाबरायला झालं तर थांबायचं, डोळे उघडायचे, जाणकाराशी बोलायचं.

शेवटचं घरातल्यांसाठी, त्यातही माझ्या बरोबरीच्या पुरुष मंडळींसाठी. रोज सकाळी “झोप लागली का?” विचारू नका. त्या बाईला ती परीक्षा वाटते, आणि तुमच्या समाधानासाठी ती “लागली” म्हणते. “पॉझिटिव्ह राहा” हेही रोज नको. त्याऐवजी दुपारची तीस मिनिटं तिची तिला द्या. त्या वेळात दाराची बेल वाजली तर तुम्ही उठा, कुकर लावायचा असेल तर तुम्ही लावा. सराव सुटतो तो बहुधा कंटाळ्यापेक्षा घरकामाने.

सोसायटी म्हणूनही आपल्याला थोडं करता येईल. लिफ्टचा जाळीचा दरवाजा रात्री आपटू नये, गाडी मागे घेताना वाजणारं गाणं बंद करून घ्यावं, रात्री दहानंतर पॅसेजमधल्या गप्पा आत न्याव्यात. खालचा छोटा हॉल दुपारी रिकामाच असतो. महिला मंडळाने मनावर घेतलं आणि जाणकार शिक्षिका मिळाली, तर आठ आठवडे तो या वर्गासाठी द्यावा, असा ठराव मी पुढच्या सभेत मांडणार आहे. आजार झालेल्या बायकांनाच यायची मुभा, असं मात्र नको. सगळ्याजणी बसल्या म्हणजे कुणाला आजार आहे हे कुणाला विचारावं लागणार नाही.

ठरावाला अनुमोदन लागेल. ते आज दूध पिता पिता द्या, म्हणजे सभा लांबणार नाही.