पुन्हा उलटणारा नाडीव्रण

माकडहाडाच्या वर, दोन्ही नितंबांमधील घळीत, एक बारीक छिद्र पडते. त्यातून कधी पू झिरपतो, कधी कपड्याला रक्ताचा डाग लागतो. मधूनच गळू धरते, फुटते, आणि बरे वाटले म्हणून माणूस स्वस्थ बसतो. जागाच अशी अवघड की घरातल्या माणसांपाशीही कोणी बोलत नाही. आतल्या आत पोखरत जाणाऱ्या अशा जखमेला आपल्या वैद्यकात नाडीव्रण म्हणतात. तिच्या या विशिष्ट प्रकाराला बॉस्टनच्या हॉजेस यांनी १८८० साली ‘पायलोनायडल सायनस’ असे नाव दिले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ होतो केसांचे घरटे; आणि ते छिद्र उघडले की आत बहुधा केसांचा पुंजकाच सापडतो.

मी वैद्य नव्हे, सरकारी नोकर आहे. परंतु माझ्या मेजावर पंचविशीतल्या एका लिपिकाचा याच व्याधीसाठी रजेचा तिसरा अर्ज आला, तेव्हा एका प्रश्नाने मला वाचावयास लावले. जे मुळापासून कापून काढले म्हणतात, ते पुन्हा उगवते कसे?

पुष्कळ काळ हा दोष जन्मजात मानला जाई. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे हजारो सैनिक या दुखण्याने रुग्णालयात पडले, आणि त्याला ‘जीपचा आजार’ असे नावही मिळाले. पण जन्मजात दोषाच्या कल्पनेला खरा धक्का दिला तो न्हाव्यांनी! त्यांच्या बोटांच्या बेचक्यात अगदी असाच व्रण होतो आणि त्यात गिऱ्हाइकांचे कापलेले केस असतात. तो काही कोणी जन्मतः घेऊन येत नाही. घाम, घर्षण आणि सुटा केस एवढी सामग्री खोल घळीत जमली की केस कातडीत रुततो.

हे एकदा मानले की पुढचा उलगडा सोपा आहे. रोगट भाग कितीही खोल कापला, तरी टाके त्याच घळीच्या तळाशी, मध्यरेषेवर घातले, तर कोवळा व्रणाचा वण पुन्हा त्याच घामात आणि त्याच केसांत पडून राहतो. जखम उघडी ठेवून भरू द्यावी, तर मलमपट्टीत आठवडेच काय, महिनेही जातात. म्हणून बदलावयाची असते ती घळच.

येथे फ्लॅप, म्हणजे एका कडेने शरीराशी जोडलेला मांसल कातडीचा पदर, उपयोगी पडतो. ही युक्ती आपणांस परकी नाही. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून नवे नाक करून दिले होते. ती हकिकत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापली गेली आणि युरोपातील शल्यवैद्य चकित झाले.

लेनिनग्राडच्या लिंबर्ग यांची रीत भूमितीची आहे. रोगट भाग साठ व एकशेवीस अंशांच्या समभुज चौकोनात कापावयाचा आणि नितंबावरील तेवढाच पदर फिरवून त्या खड्ड्यात बसवावयाचा. घळ सपाट होते, टाक्यांवर ताण पडत नाही. मात्र चौकोनाचा खालचा कोपरा मध्यरेषेवरच राहतो, आणि व्याधी उलटली तर अनेकदा तेथेच. म्हणून पुढील शल्यवैद्यांनी तो कोपरा बाजूस सरकविला. ग्रीक लष्करी शल्यवैद्य कारिडाकिस यांनी अवघी जखमच मध्यरेषेच्या एका अंगास नेली. हजारो रुग्णांवर ही शस्त्रक्रिया करून त्यांनी रोग उलटण्याचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास नोंदविले. अमेरिकेतील बॅस्कम यांनी आणखी काटकसर केली: कातडीच तेवढी काढावी, खालची चरबी राखून ती एकत्र आणावी आणि घळ उथळ करावी.

यांत श्रेष्ठ कोणती? लिंबर्ग आणि कारिडाकिस यांची तुलना करणाऱ्या पाहण्यांत रोग उलटण्याच्या बाबतीत फारसे अंतर दिसत नाही. मध्यरेषेवरील टाक्यांपेक्षा मात्र दोन्ही सरस ठरतात. अनेकदा कापलेल्या जागी कातडी ताठर आणि अपुरी झालेली असते. मोठा खड्डा भरावयाचा तर लिंबर्गचा ताजा पदर मला अधिक भरवशाचा वाटतो. त्याची किंमत म्हणजे मोठा वण आणि पुष्कळदा त्या जागेची बधिरता. आजूबाजूची कातडी पुरेशी सैल असेल तर कारिडाकिस वा बॅस्कम यांची रीत कमी नासधूस करते. निवड अखेर तपासणाऱ्या शल्यवैद्याची, परंतु “टाके मध्यरेषेवर येणार की बाजूस?” एवढे विचारण्याचा संकोच रुग्णाने करू नये.

शस्त्रक्रियेनंतरही केस गळावयाचे थांबत नाहीत. डोक्याचे बारीक कापलेले केस पाठीवरून घसरत या घळीपर्यंत पोचतात, असे आता दिसून आले आहे. केस कापून आल्यावर कशालाही न शिवता थेट न्हाणीघर गाठण्याची आपल्या घरांतली जुनी रीत, कारण काही का असेना, या रुग्णांनी तरी पाळावी.