कातडीनें घातलेली हाक

यवतमाळ जिल्ह्यांतील नेर हें गांव कापसाच्या मुलखांत वसलेलें आहे. दसरा-दिवाळी आली कीं येथल्या शिवारांत वेचणी सुरू होते, आणि दिवसभर उन्हांत राहून कापूस वेचतात त्या बहुतेक स्त्रियाच. अशा एखाद्या बाईच्या दोन्ही गालांवर व नाकाच्या दांड्यावर, पंख पसरलेल्या फुलपांखरासारखा तांबूस चट्टा उमटला, तर घरचीं माणसें काय म्हणतात? कोणी म्हणतो ऊन लागलें. कोणी वांग समजून सोडून देतो. आणि ज्या वऱ्हाड-विदर्भांत अमरावतीचें तपोवन १९४६ सालीं व वरोऱ्याचें आनंदवन १९४९ सालीं कुष्ठरोग्यांसाठीं उभें राहिलें, तेथें एखादा त्याच रोगाच्या शंकेनें गप्पच बसतो. वस्तुतः कुष्ठाचा चट्टा बहुधा बधिर असतो, हा तसा नसतो. या तिन्ही तर्कांहून निराळा असा ल्युपस नांवाचा एक रोग आहे. लॅटिन भाषेंत या शब्दाचा अर्थ लांडगा.

श्रोतेहो, हा लांडगा बाहेरून येत नाहीं. ल्युपस संसर्गजन्य नव्हे. एकाचा दुसऱ्यास होत नाहीं. शरीराच्या रक्षणासाठीं ज्या पांढऱ्या पेशी रक्तांतून फिरत असतात, त्याच आपल्या कातडीवर चालून येतात. दहा रुग्णांत सुमारें नऊ स्त्रिया असतात, आणि त्याही बहुधा ऐन उमेदीच्या वयांतल्या.

पण साऱ्या शरीरभर हिंडणाऱ्या या पेशींना नेमक्या गालावरच्या कातडीची वाट कोण दाखवितो? पेशी धांवून जातात, ही गोष्ट मेच्निकॉफ या रशियन शास्त्रज्ञानें १८८२ सालीं पाहिली होती. तारामाशाच्या पारदर्शक पिलांत त्यानें कांटा टोंचला, आणि कांट्याभोंवतीं फिरत्या पेशींचा गराडा पडला. ल्युपसमध्यें कांट्याचें काम ऊन करतें. उन्हांतील अतिनील किरणांनीं कातडीच्या वरच्या थरांतील पेशी मरतात. तुमच्या-माझ्याही मरतात, पण निरोगी शरीर तो केर ताबडतोब झाडून नेतें. ल्युपसच्या रोग्यांत ही झाडलोट मंद असते. मेलेल्या पेशींच्या केंद्रांतील द्रव्य तसेंच पडून राहतें, आणि शरीराला भास होतो कीं हा एखाद्या विषाणूचाच माल आहे! मग विषाणूंविरुद्धचा इशारा निघतो. त्या इशाऱ्याचें नांव इंटरफेरॉन. लंडनमध्यें आयझॅक्स व लिंडेनमन यांनीं १९५७ सालीं तें उजेडांत आणलें.

यापुढचा भाग विलक्षण आहे. इंटरफेरॉन पोंचतांच कातडीच्या पेशी स्वतःच केमोकाइन नांवाचीं द्रव्यें पाझरूं लागतात. गुळाच्या खड्याकडे मुंग्या वळाव्यात, तशा टी-पेशी या द्रव्यांच्या मागानें येतात. कारण तीं ओळखणारा ग्राहक त्यांच्या अंगावर असतो. शेजारच्या बारीक रक्तवाहिन्यांचें अस्तरही चिकट होतें, म्हणजे वाहत्या पेशी तेथें अडकून बाहेर सरकतात. आलेल्या टी-पेशी कातडीच्या तळथरावर हल्ला करतात आणि आणखी एक इंटरफेरॉन सोडतात. त्यानें तीच केमोकाइनें अधिक पाझरतात, अधिक पेशी मरतात, अधिक पेशी येतात. ऊन केव्हांच मावळलेलें असतें; हाक मात्र चालूच राहते. रोग्याच्या वरवर निरोगी दिसणाऱ्या कातडींतही इंटरफेरॉनच्या खुणा आढळल्या आहेत. तेव्हां थोडें ऊनही तिला पुरेसें होतें, यांत नवल नाहीं.

आणि ही गोष्ट चेहऱ्याच्या शोभेपुरती नव्हे. उंदरांवरील प्रयोगांत, अतिनील किरणांनंतर कातडीकडे धांवलेल्या कांहीं पेशी पुढें मूत्रपिंडापर्यंत गेलेल्या दिसल्या. म्हणूनच अशा चट्ट्यासाठीं डॉक्टर रक्ताबरोबर लघवीही तपासावयास सांगतात, तें उगीच नव्हे. मुंबईस परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारांतील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेंत या रोग्यांच्या रक्तांतील, स्वतःच्याच पेशींवर उलटणाऱ्या प्रतिपिंडांचा अभ्यास झाला आहे.

उपाय कोणता, असें आपण विचाराल. हिवतापावरच्या औषधांचा उपयोग या रोगांत होतो, हें १९५१ पासून ठळकपणें पुढें आलें. आज देतात तें हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. मेलेल्या पेशींच्या द्रव्यामुळें उठणारा खोटा इशारा तें मंदावतें. मात्र तें घेणाऱ्यानें डोळे वेळोवेळीं तपासून घ्यावे लागतात. इंटरफेरॉनचा ग्राहकच अडविणाऱ्या ॲनिफ्रोल्युमॅब या औषधास अमेरिकेंत २०२१ सालीं मान्यता मिळाली. दुकानांतून आपल्या मनानें आणलेलें स्टेरॉइडचें मलम मात्र मला भयावह वाटतें. चट्टा त्यानें फिका पडतो, घरांत समाधान होतें, कातडी पातळ होते, आणि निदान वर्षभर पुढें जातें.

राहिलें ऊन. वेचणाऱ्या बाईला घरांत बसा म्हणून सांगणें हें शहरी शहाणपण झालें. तिची मजुरी कोण देणार? पण सकाळीं दहाच्या आंत व दुपारीं चारनंतर तिला काम मिळावें, डोक्यावर रुंद कांठाची टोपी किंवा घट्ट विणीचा गडद दुपट्टा असावा, बाह्या मनगटापर्यंत याव्यात, एवढें तिच्या घरच्यांना व शेतमालकाला जमण्यासारखें आहे.