गढूळ पाणी आणि ठिबकच्या तोट्या



गोठ्यात कवेलूच्या फटीतून उन्हाची तिरीप आली की हवेतली धूळ कशी चमकते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. धूळ एरवीही तिथे असतेच. उजेड तिच्यावर आपटून बाजूला फाकतो म्हणून ती दिसते. पाण्याचा गढूळपणा मोजणारे टर्बिडिटी मीटर याच तत्त्वावर चालते. काचेच्या कुपीतील पाण्यात प्रकाशझोत सोडायचा आणि काटकोनात किती प्रकाश बाहेर पडतो ते मोजायचे. उत्तर एनटीयू या एककात मिळते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा १ एनटीयू आहे. दुसरी सोयच नसेल तर ५ पर्यंत चालते.

काटोल, नरखेड, कळमेश्वर भागातील संत्रा बागायतदारांनी मात्र एक गोष्ट नीट समजून घ्यावी. हा आकडा म्हणजे गाळाचे वजन नव्हे. आपल्या काळ्या जमिनीतील चिकणमातीचे कण २ मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात. अशी थोडी माती पाण्यात मिसळली तरी आकडा भराभर चढतो. तेवढ्याच वजनाची वाळू फारसा प्रकाश फाकवत नाही, शिवाय लगेच कुपीच्या तळाशी बसते. म्हणजे तोटी तुंबवणारी वाळू मीटरला जवळजवळ दिसतच नाही!

गाळणीचे याच्या उलट आहे. १२० मेशची जाळी साधारण १३० मायक्रॉनपेक्षा मोठे कण अडवते. वाळू अडते, चिकणमाती निसटते आणि उपनळीच्या टोकाशी, जिथे पाण्याचा वेग मंदावतो तिथे, शेवाळाच्या बुळबुळीत थरात साचते.

म्हणून नाल्याचे किंवा शेततळ्याचे पाणी तपासायला देताना गढूळपणासोबत तरंगत्या गाळाचे वजनही मागा. ते लिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या आत असेल तर तोट्या तुंबण्याचा धोका कमी. १०० च्या वर गेले तर जास्त.

घरच्या घरीही अंदाज येतो. बादलीभर पाणी स्थिर ठेवा. थोड्याच वेळात तळाशी बोटांना कचकच लागली तर वाळू आहे, हायड्रोसायक्लोन बसवा. रात्रभर ठेवूनही पाणी निवळले नाही तर चिकणमाती आहे. अशा वेळी शेततळ्यातील पाणी निवळू द्या, सक्शन पाइपचे तोंड तळापासून वर ठेवा आणि उपनळ्यांची टोके उघडून साफ पाणी येईपर्यंत वाहू द्या.

विहीर-बोअरचे पाणी नितळ असले तरी निर्धास्त राहू नका. विरघळलेले क्षार प्रकाश फाकवत नाहीत, त्यामुळे मीटर ते दाखवत नाही. तोटीच्या तोंडाशी पांढरा थर दिसला तर पाण्यातील क्षारांची वेगळी तपासणी करून घ्या आणि आम्लाची मात्रा त्या अहवालावरूनच ठरवा.